पिलीभीत, एका पानात

साहेब म्हणाले, एका पानात बसवा.
इतिहास, माणसं, बघण्यासारखं काय काय.
पहिल्या खर्ड्यावर त्यांनी लाल शाईने लिहिलं:
भिंत काढा. वाघ वर घ्या.

तर वाघ वर घेतो.
वाघ उसात आहे.
साल आणि ऊस यांत त्याला फारसा फरक वाटत नाही,
दोन्हीकडे सळसळ, दोन्हीकडे आडोसा.
जरनैलसिंगांच्या शेतात वाघिणीने पिल्लं घातली
तेव्हा पंधरा दिवस कोयता चालला नाही,
कारखान्याची पावती खिशात घामाने विरून गेली.
म्हातारा बांधावर खाट टाकून म्हणायचा,
आम्हीही लाहोराकडून असेच आलो होतो,
रात्री, पोरं तोंडात धरून.

(हे पर्यटकांना सांगावं का, विचारायचं आहे.)

नदी. गोमती इथे उगम पावते, असं छापतात.
माधोटांड्याला जाऊन बघा:
एक तळं, कमळाची पानं, पायरीवर कुणाची तरी चप्पल.
उगम वगैरे काही दिसत नाही,
नुसता ओलावा पुढे सरकतो,
लाजत, गवताखालून,
जणू लखनौला जायचंय हे घरी सांगितलेलं नाही.

माणसं. चौदा लाखांच्या पुढे गणती माझ्या फायलीत आहे.
त्यात निताई मंडलची आई आहे,
शारदेच्या काठावरच्या वसाहतीत
जी अजून भाताला तिकडच्याच नावाने हाक मारते.
त्यात थारू बायका आहेत, ज्यांच्या टोपल्या
मी तीनदा लिहिल्या आणि तीनदा खोडल्या,
कारण 'हस्तकला' म्हटलं की टोपली रिकामी होते.

आणि इकरार मियाँ.
त्यांच्यासाठी पान कमी पडतं.
देशभरच्या देवळांत, जन्माष्टमीच्या पाळण्यापाशी,
जी बासरी कृष्णाच्या ओठाला लागते
तिची भोकं ते पाडतात, लालभडक सळईने,
जुम्म्याची नमाज आटोपून आल्यावर.
वेळू आसामातून यायचा, सिलचरहून,
छोट्या रुळांच्या गाडीने, डब्याच्या टपापर्यंत रचलेला.
रूळ रुंद झाले आणि ती गाडी गेली.
आता ट्रक येतो, महिन्याने, मोडलेला माल घेऊन,
आणि शेजारचा लड्डन चहाची टपरी चालवतो
ज्याच्या आजोबांची बासरी दरबारात वाजली होती म्हणे.
मियाँना स्वतःला वाजवता येत नाही.
फुंकून बघतात, एकच सूर, डोळे मिटून,
आणि बाजूला ठेवतात: ही बरोबर. ही नाही.
विचारलं, कसं कळतं?
म्हणाले, चुकलेली आधी कळते, बाबूजी.

इतिहास. रोहिल्यांची मशीद आहे,
दिल्लीच्या मोठ्या मशिदीची धाकटी बहीण म्हणतात तिला,
बाजाराच्या दिवशी तिच्या सावलीत बांगड्या विकतात.

राहिली भिंत.
साहेब, गावाचं नावच ते आहे. पिवळी भिंत.
मातीची होती, कोणी म्हणतं बंजाऱ्यांनी घातली,
कोणी म्हणतं नुसती दंतकथा.
मी तीन रविवार शोधली.
खकरा नदीच्या अंगाने गेलो, पोरांना विचारलं,
त्यांनी मला शाळेची, दवाखान्याची
आणि एका पक्षाच्या जाहिरातीची भिंत दाखवली.

मग परवा संध्याकाळी इकरार मियाँकडे
बसलो असताना दिवे गेले.
शगुफ्ताने, त्यांच्या मुलीने, कंदील आणला.
भट्टीमागची भिंत दिसली.
चाळीस वर्षं जळत्या वेळूचा धूर खाऊन
ती पिवळी झाली होती,
हळदीची नाही, दातांसारखी, जुन्या पत्रासारखी.
तिला टेकून न विकलेल्या बासऱ्या उभ्या होत्या,
दारातून वारा आला तेव्हा
त्यातल्या एक-दोन आपसूक हुंकारल्या.

ही प्रेक्षणीय स्थळांत धरता येणार नाही, कळतं मला.
रस्ता अरुंद आहे, गाडी लागत नाही,
संडासाची सोय नाही.

वाघ वर घेतला आहे.
भिंत काढलेली नाही.
पान दोन झाली, माफी असावी.